बधिरीकरण परिचारिका : एका दीर्घ अभ्यासक्रमाची ओळख

शस्त्रक्रिया यशस्वी झाली म्हणजे रुग्णाचे नातेवाईक शल्यचिकित्सकाला दुवा देतात. ज्याने रुग्णाला भूल दिली, त्याचा श्वास व नाडी क्षणोक्षणी सांभाळली आणि शेवटी त्याला सुखरूप शुद्धीवर आणले, त्याचे नाव बहुधा कोणास ठाऊक नसते. आपल्या देशात हे काम बधिरीकरणशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेतलेले डॉक्टर करतात. अमेरिकेत मात्र डॉक्टरांच्या जोडीने विशेष शिक्षण घेतलेल्या परिचारिकाही हे काम करीत आल्या आहेत.

काही दिवसांपूर्वी ग्रामीण भागातील एका मुख्याध्यापकांनी याविषयी विचारणा केली. त्यांच्या बारावी विज्ञान शाखेतील एका विद्यार्थिनीला परिचर्येचे शिक्षण घेऊन अमेरिकेत 'भूल देणारी नर्स' व्हावयाचे होते. वर्षा-दोन वर्षांत सर्व काही जमवून देण्याचे आश्वासन एका मध्यस्थाने दिले होते आणि त्यापायी वडील शेत गहाण ठेवण्याच्या विचारात होते. मुलीची आकांक्षा योग्य होती; मध्यस्थाचा हिशेब मात्र चुकीचा होता. तो कसा, हे समजण्यासाठी या अभ्यासक्रमाची माहिती असणे आवश्यक आहे.

परंपरा शतकाहून जुनी

अमेरिकेतील बोस्टन येथे 16 ऑक्टोबर 1846 रोजी इथरची भूल देऊन झालेल्या शस्त्रक्रियेचे जाहीर प्रात्यक्षिक झाले. वेदनेचा प्रश्न सुटला. परंतु भूल देण्याचे काम कोणी करावयाचे, हा प्रश्न उरला. शल्यचिकित्सकांचे लक्ष शस्त्रक्रियेवर असे आणि हाताशी असलेल्या शिकाऊ डॉक्टरचे लक्षही तिकडेच वेधले जाई. यावर उपाय म्हणून रुग्णावरून नजर न हलविणाऱ्या परिचारिकेकडे हे काम सोपविण्यात येऊ लागले. 1877 मध्ये पेनसिल्व्हानिया राज्यातील ईरी येथे सिस्टर मेरी बर्नार्ड यांनी हे काम स्वीकारले. अशा विशेष कामाला वाहून घेणाऱ्या त्या पहिल्या ज्ञात परिचारिका होत. पुढे मिनेसोटा राज्यातील रोचेस्टर येथे मेयो बंधूंच्या रुग्णालयात ॲलिस मॅगॉ यांनी चौदा हजारांहून अधिक रुग्णांना भूल दिल्याचा आणि भुलीमुळे एकही मृत्यू न झाल्याचा वृत्तान्त 1906 मध्ये प्रसिद्ध केला.

हा अधिकार विनातक्रार मिळाला, असे मात्र नाही. परिचारिकेने भूल देणे म्हणजे परवान्याविना वैद्यकी करणे होय, असा दावा कॅलिफोर्नियातील काही डॉक्टरांनी दाखल केला. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 1936 मध्ये तो फेटाळला. परिचारिकांची राष्ट्रीय संघटना 1931 मध्ये स्थापन झाली होती. 1945 मध्ये प्रमाणपत्र परीक्षा सुरू झाली. आज काही राज्यांत या परिचारिका डॉक्टरांच्या देखरेखीखाली, तर काही राज्यांत स्वतंत्रपणे काम करतात. लहान गावांतील अनेक रुग्णालयांचा प्रसूतिकक्ष व शस्त्रक्रियागृह त्यांच्याच आधारावर चालू राहते.

प्रवेशाच्या अटी

या अभ्यासक्रमास शालान्त शिक्षणानंतर थेट प्रवेश मिळत नाही. प्रथम परिचर्येची पदवी घ्यावी लागते. तिला तेथे सामान्यतः चार वर्षे लागतात. त्यानंतर परवाना परीक्षा उत्तीर्ण होऊन नोंदणीकृत परिचारिका व्हावे लागते. त्याहीपुढे अतिदक्षता विभागातील किमान एक वर्षाचा पूर्णवेळ अनुभव आवश्यक असतो. निवड होणाऱ्या उमेदवारांजवळ बहुधा याहून अधिक अनुभव असतो.

अतिदक्षता विभागाचाच आग्रह का, असा प्रश्न साहजिक आहे. सामान्य कक्षात रुग्णाची प्रकृती तासातासाने पाहिली, तरी चालते. अतिदक्षता विभागात मात्र मिनिटामिनिटाला रक्तदाब बदलतो, कृत्रिम श्वसनयंत्राची मात्रा बदलावी लागते आणि हृदयाला बळ देणाऱ्या औषधाचे थेंब मोजावे लागतात. जे दिसते त्याचा अर्थ लावून तात्काळ कृती करण्याची सवय तेथेच जडते. भूल देणाऱ्या व्यक्तीचे संपूर्ण काम याच सवयीवर उभे असते.

तयारी कशी करतात?

जागा मर्यादित व इच्छुक अधिक, अशी स्थिती असल्याने उमेदवार दोन-तीन वर्षे आधीपासून तयारीस लागतात. पदवीचे गुण, विशेषतः रसायनशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र व औषधशास्त्र यांतील गुण, बारकाईने पाहिले जातात. गुण कमी असल्यास तेच विषय पुन्हा अभ्यासून उत्तम गुण मिळविण्याचा मार्ग अनेक जण पत्करतात. गंभीर रुग्णांच्या परिचर्येचे स्वतंत्र प्रमाणपत्र मिळविणे, विभागप्रमुखांची शिफारसपत्रे घेणे आणि एखाद्या बधिरीकरण परिचारिकेसोबत दिवसभर राहून काम पाहणे, हाही तयारीचा भाग असतो.

मुलाखतीत पाठांतर उपयोगी पडत नाही. "तुमच्या रुग्णाचा रक्तदाब एकाएकी उतरला, तुम्ही प्रथम काय पाहाल आणि का?" अशा स्वरूपाचे प्रश्न विचारले जातात. आपली चूक कधी झाली आणि त्यानंतर काय केले, हेही विचारले जाते. चूक लपविणारी व्यक्ती या कामास योग्य नव्हे, हा त्यामागील विचार होय.

शिक्षणाचे स्वरूप

अभ्यासक्रम किमान 36 महिन्यांचा असून 2022 पासून नव्याने प्रवेश घेणाऱ्यांसाठी तो डॉक्टरेट पदवीचा आहे. प्रत्यक्ष रुग्णांसमवेत किमान 2,000 तास आणि किमान 600 रुग्णांना भूल देण्याचा अनुभव बंधनकारक आहे. त्यानंतर राष्ट्रीय प्रमाणपत्र परीक्षा असते. अभ्यासाचा भार असा असतो की, या काळात नोकरी करणे बहुतेकांना अशक्य होते. म्हणून आधीच्या वर्षांत बचत करून ठेवणे हीदेखील तयारीच मानली जाते.

शाळेतील विज्ञान येथे कसे कामी येते, याचे एक उदाहरण शिक्षकांना उद्बोधक वाटेल. प्राणवायूच्या नळकांड्यात केवळ वायू असतो. त्यामुळे बॉइलच्या नियमास अनुसरून दाब निम्मा झाला, म्हणजे साठा निम्मा उरला, असे समजता येते. नायट्रस ऑक्साइड मात्र नळकांड्यात द्रवरूपात असतो. द्रव संपेपर्यंत दाबमापकाचा काटा जवळजवळ स्थिर राहतो आणि द्रव संपताच झपाट्याने खाली येतो. काट्यावर विसंबणारा येथे फसतो. साठा वजनावरून ओळखावा लागतो. अकरावी-बारावीतील भौतिकशास्त्र असे रुग्णाच्या उशाशी उभे असते.

आपल्याकडील स्थिती

भारतात परिचारिकेने स्वतंत्रपणे भूल देण्याची तरतूद नाही. ग्रामीण भागातील अडलेल्या प्रसूतींसाठी भूलतज्ज्ञ मिळेनात, तेव्हा शासनाने एम.बी.बी.एस. डॉक्टरांना जीवरक्षक बधिरीकरण कौशल्याचे अल्पमुदतीचे प्रशिक्षण देण्याचा मार्ग स्वीकारला. परिचारिकांसाठी गंभीर रुग्णांच्या परिचर्येतील पदव्युत्तर शिक्षण येथे उपलब्ध आहे. शस्त्रक्रियागृहात साहाय्य करणाऱ्या तंत्रज्ञांसाठीही स्वतंत्र अभ्यासक्रम आहेत. परदेशातून बधिरीकरण परिचारिका होऊन परतणाऱ्या व्यक्तीस येथे त्या नावाचे पद मिळणार नाही, हे आधीच ध्यानी घ्यावयास हवे.

आता मुख्याध्यापकांच्या प्रश्नाचा हिशेब मांडता येईल. परिचर्येच्या पदवीची चार वर्षे, अतिदक्षता विभागातील किमान एक वर्ष आणि अभ्यासक्रमाची तीन वर्षे, अशी आठ वर्षे तर सरळच होतात. भारतीय उमेदवारास याशिवाय प्रमाणपत्रांची पडताळणी, तेथील परवाना परीक्षा आणि व्हिसा यांतून जावे लागते. कायम वास्तव्याच्या व्हिसासाठी भारतीयांना कित्येक वर्षे थांबावे लागते. हे सारे वर्षा-दोन वर्षांत घडवून आणण्याचे आश्वासन देणारा मध्यस्थ एकतर अज्ञानी असतो किंवा अप्रामाणिक.

मुलीला मात्र नाउमेद करण्याचे कारण नाही. पहिले पाऊल घराजवळच आहे. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र व इंग्रजी हे विषय पक्के करून सामायिक प्रवेश परीक्षेद्वारे बी.एस्सी. नर्सिंगला प्रवेश घ्यावा. महाविद्यालयाची मान्यता स्वतः तपासावी आणि पुढे राज्य परिचर्या परिषदेकडे नोंदणी करून अतिदक्षता विभागात अनुभव घ्यावा. ही वाट सातासमुद्रापलीकडे गेली, तरी उपयोगी आहे आणि जिल्हा रुग्णालयात थांबली, तरी तितकीच मोलाची आहे. ग्रामपंचायत सदस्यांनी व शिक्षकांनी पालकांना एवढे जरी वेळेवर समजावून सांगितले, तरी एखाद्या घराचे शेत वाचेल आणि मुलीचे शिक्षणही.