चार तलवारी (टॅरो पान)

चार तलवारी हे टॅरो पत्त्यांच्या संचातील तलवारी या रंगाचे चौथ्या क्रमांकाचे पान आहे. टॅरोद्वारे भविष्यकथन करणारे या पानाचा अर्थ साधारणतः विश्रांती, एकांत, संघर्षानंतरचा विराम आणि आजारातून उठणे असा लावतात. पानाच्या सर्वांत प्रसिद्ध चित्रात मात्र थडग्यावर उताणा पहुडलेला योद्धा दिसतो, आणि त्यामुळे पान प्रथमच पाहणाऱ्यास ते मृत्यूचे सूचक वाटते. चित्र आणि रूढ अर्थ यांतील ही विसंगती कशी निर्माण झाली, हे या पानाच्या इतिहासावरून उलगडते.

संचातील स्थान

टॅरोच्या पूर्ण संचात 78 पाने असतात. त्यांपैकी 22 पाने मेजर अर्काना, म्हणजे प्रमुख पाने, व उरलेली 56 पाने मायनर अर्काना, म्हणजे गौण पाने, म्हणून ओळखली जातात. गौण पानांचे चार रंग असतात: तलवारी, चषक, दंड आणि नाणी. प्रत्येक रंगात एक ते दहा अंकांची पाने आणि चार दरबारी पाने असतात. म्हणजे रचना आपल्या नेहमीच्या पत्त्यांसारखीच आहे. दरबारी पान तेवढे एक अधिक. इस्पिकच्या रंगाला इंग्रजीत असलेले स्पेड हे नावही तलवार या अर्थाच्या इटालियन शब्दावरून आले, असे मानले जाते.

टॅरो हा मुळात पंधराव्या शतकात उत्तर इटलीत उदयास आलेला पत्त्यांचा खेळ होय. तलवारीचा रंग त्याहूनही जुना असून तो इजिप्तमधील मामलुक राजवटीच्या पत्त्यांतून युरोपात गेला. इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यातील संग्रहालयात असा एक मामलुक संच जपलेला आहे. त्यातील तलवारीच्या राजाच्या पानावर ‘कंजिफा’ हा शब्द आढळतो. सावंतवाडीच्या गंजिफा ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला हा शब्द परका वाटणार नाही. अर्थात नात्याचा हा धागा पत्त्यांपुरताच आहे. भविष्यकथनाशी गंजिफांचा काही संबंध नाही.

टॅरोचा भविष्यकथनासाठी होणारा वापर अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्समध्ये फोफावला. कुर द जेबलँ या विद्वानाने 1781 मध्ये टॅरोचा उगम प्राचीन इजिप्तच्या गूढज्ञानात असल्याचे प्रतिपादन केले. त्यास कोणताही पुरावा नव्हता, तरीही ही समजूत आजतागायत टिकून आहे.

जुन्या संचांतील रूप

अंकांच्या पानांवर प्रसंगचित्रे काढण्याची पद्धत जुन्या संचांत सहसा नव्हती. मार्सेय पद्धतीच्या टॅरोमध्ये चार तलवारींच्या पानावर वाकड्या पात्यांच्या चार तलवारी एकमेकींत गुंफलेल्या असून त्यांच्यामधील बदामाकृती जागेत एक फूल आहे. योद्धा नाही, थडगे नाही, खिडकीही नाही. या पानास विश्रांतीचा अर्थ केवळ चित्र पाहून कोणी लावला असता, असे वाटत नाही.

पंधराव्या शतकाच्या अखेरीस तयार झालेला सोला बुस्का हा संच यास अपवाद आहे. त्यात अंकांच्या पानांवरही मानवी आकृती आहेत. या संचाची छायाचित्रे 1907 मध्ये ब्रिटिश म्युझियमला मिळाली, आणि पुढे दोनच वर्षांत लंडनमध्ये जो नवा संच तयार झाला त्याच्या काही चित्रांवर सोला बुस्काची छाप स्पष्ट दिसते. तीन तलवारींनी विद्ध झालेले हृदय हे त्याचे ठळक उदाहरण.

वेट-स्मिथ संचातील चित्र

हा नवा संच म्हणजे आज रायडर-वेट-स्मिथ या नावाने ओळखला जाणारा संच. तो 1909 च्या अखेरीस विल्यम रायडर अँड सन या लंडनमधील प्रकाशनसंस्थेने काढला. आर्थर एडवर्ड वेट (1857–1942) यांनी त्याची कल्पना मांडली आणि पामेला कोलमन स्मिथ (1878–1951) यांनी चित्रे काढली. दीर्घकाळ हा संच प्रकाशक व वेट यांच्याच नावाने विकला गेला आणि चित्रकर्तीचे नाव मागे पडले. आज जगभर लोक या पानाचा जो अर्थ सांगतात, तो वेट यांच्या शब्दांपेक्षा स्मिथ यांच्या रेषांवर अधिक उभा आहे, हे ध्यानात घेता ही उपेक्षा अधिकच खटकते.

चित्रातील स्थळ चर्चच्या आतील भागासारखे आहे. मध्ये एक दगडी थडगे असून त्यावर नाइटची, म्हणजे मध्ययुगीन युरोपातील घोडेस्वार योद्ध्याची, पूर्णाकृती मूर्ती उताणी आहे. मूर्तीचे हात छातीवर प्रार्थनेच्या मुद्रेत जोडलेले आहेत. तीन तलवारी वर भिंतीवर असून त्यांची टोके खाली योद्ध्याच्या दिशेने आहेत. चौथी तलवार थडग्याच्या दर्शनी बाजूवर आडवी आहे. डाव्या कोपऱ्यात वरती रंगीत काचांची खिडकी असून तीत तेजोवलय असलेल्या व्यक्तीसमोर कोणी गुडघे टेकून बसलेले दिसते. त्या तेजोवलयात ‘पॅक्स’ हा लॅटिन शब्द वाचता येतो. त्याचा अर्थ शांती.

येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावयास हवी. चित्रात जे दिसते ते प्रेत नव्हे, आणि झोपलेला मनुष्यही नव्हे; ती मूर्ती आहे. इंग्लंडमधील अनेक जुन्या चर्चमध्ये सरदार व त्यांच्या पत्नी यांच्या थडग्यांवर अशा पहुडलेल्या मूर्ती आढळतात. हात जोडलेले असतात, आणि डोळेही बहुधा उघडे असतात. ख्रिस्ती श्रद्धेनुसार मृत्यू हा शेवट नसून पुनरुत्थानापूर्वीची प्रतीक्षा आहे. ती प्रतीक्षा शिल्पकाराने दगडात उतरवलेली असते. हा संदर्भ ज्याला ठाऊक आहे, त्याला हे चित्र थांबलेल्या, परंतु न संपलेल्या जीवनाचे वाटते. ज्याला तो ठाऊक नाही, त्याला केवळ थडगे दिसते.

भारतीय वाचकास येथे शवासनाची आठवण होणे स्वाभाविक आहे. तथापि हे साम्य वरवरचे आहे. शवासनात हात शिथिल सोडलेले असतात, येथे ते जोडलेले आहेत. दोहोंत ऐतिहासिक संबंध नाही.

अर्थाचे दोन प्रवाह

या पानाच्या अर्थाचे दोन स्वतंत्र उगम आहेत आणि लोकप्रिय पुस्तकांत ते बेमालूम मिसळून गेले आहेत.

पहिला प्रवाह फ्रेंच आहे. झां-बाप्तिस्त आलिएत (1738–1791) हे पत्त्यांवरून भविष्य सांगण्याचा व्यवसाय करीत व आपल्या आडनावाची अक्षरे उलट क्रमाने लिहून ‘एतेइया’ हे टोपणनाव वापरीत. त्यांच्या पद्धतीत चार तलवारींचा मुख्य अर्थ एकाकीपण असा होता, आणि त्याभोवती निर्जन स्थळ, मठी, हद्दपारी, थडगे व शवपेटी असे अर्थ गोळा झाले होते. मराठीत यास ‘विजनवास’ हा शब्द सर्वांत जवळचा ठरेल. या अर्थांत बरे होण्याचा मागमूस नाही. विजनवास हा बहुधा लादलेला असतो, स्वीकारलेला नव्हे. सॅम्युएल मॅकग्रेगर मॅथर्स यांनी 1888 मध्ये काढलेल्या छोट्या इंग्रजी पुस्तिकेतही हेच अर्थ जवळजवळ जसेच्या तसे आले आहेत.

दुसरा प्रवाह त्याच मॅथर्स यांच्याशी निगडित आहे, ही गमतीची बाब होय. 1888 मध्येच लंडनमध्ये हर्मेटिक ऑर्डर ऑफ द गोल्डन डॉन ही गूढविद्येची गुप्त संस्था स्थापन झाली आणि मॅथर्स तिच्या संस्थापकांपैकी एक होते. संस्थेच्या सभासदांसाठी असलेल्या हस्तलिखितात या पानास ‘संघर्षापासून विश्रांतीचा अधिपती’ अशा आशयाची पदवी आहे. पानाचा संबंध तूळ राशीच्या अखेरच्या दहा अंशांतील गुरू ग्रहाशी जोडला आहे. दुःखानंतरचा, किंबहुना दुःखातून गेल्यावरच मिळणारा विसावा, युद्धानंतरची शांतता, चिंतेचे शमन आणि आजारातून उठणे हे अर्थ येथे प्रथम ठळकपणे दिसतात. हे साहित्य बाहेरच्यांसाठी नव्हते. 1912 मध्ये ॲलिस्टर क्राउली यांनी आपल्या ‘द इक्विनॉक्स’ या नियतकालिकात ते छापले, तेव्हा ते सर्वांसमोर आले.

वेट व स्मिथ हे दोघेही या संस्थेचे सभासद होते. असे असूनही ‘द पिक्टोरियल की टू द टॅरो’ या आपल्या पुस्तकात वेट यांनी चार तलवारींसाठी पहिल्या, फ्रेंच प्रवाहातील अर्थच प्रामुख्याने दिले. सावधता, माघार, एकांत, संन्याशाचा विसावा, हद्दपारी आणि थडगे हे अर्थ त्यांत येतात. थडगे व शवपेटी या अर्थांवरूनच चित्राची कल्पना सुचली, असेही त्यांनी नमूद केले आहे. म्हणजे विश्रांतीचे म्हणून ओळखले जाणारे हे चित्र वेट यांच्या मते थडग्याच्या अर्थावरून निघाले. परंतु स्मिथ यांनी थडग्यावर जोडलेले हात दाखवले आणि खिडकीत शांती हा शब्द ठेवला. दुसऱ्या प्रवाहाची खूण चित्रात अशी उमटली असे मानण्यास जागा आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दोन्ही परंपरांची पुस्तके सर्वत्र उपलब्ध झाली, तेव्हा वाचकांनी गोल्डन डॉनचा अर्थ स्मिथ यांच्या चित्रात वाचावयास आरंभ केला.

सावधता हा वेट यांनी सर्वप्रथम दिलेला अर्थ आज बहुतेक ठिकाणी गाळला जातो. तो गाळू नये. मध्ययुगात नाइटची पदवी घेण्यापूर्वी उमेदवाराने चर्चमध्ये शस्त्रांसह रात्रभर प्रार्थना करीत जागावे, अशी प्रथा होती. शांत पडून असणे आणि जागे असणे यांत त्या परंपरेला विरोध दिसत नव्हता.

क्राउली व हॅरिस यांचा संच

क्राउली यांच्या सूचनांनुसार लेडी फ्रीडा हॅरिस यांनी 1938 ते 1943 या काळात थॉथ संचाची चित्रे काढली. संच स्वरूपात ती 1969 मध्ये, दोघांच्याही निधनानंतर, प्रसिद्ध झाली. यात या पानाचे नाव ‘ट्रूस’, म्हणजे युद्धविराम, असे आहे. चार तलवारींच्या मुठी चार कोपऱ्यांत असून टोके मध्यभागी 49 पाकळ्यांच्या गुलाबात शिरलेली आहेत.

युद्धविराम हा शब्द नेमका आहे. तह झाला की युद्ध संपते; युद्धविरामात ते केवळ थांबते. क्राउली यांना या शांततेविषयी फारसा आदर नव्हता. तडजोड आणि रूढ नियमांपुढे नमते घेणे यांतून आलेली शांतता म्हणून त्यांनी तिच्याकडे पाहिले. त्यांचे मत कठोर वाटले तरी वेट-स्मिथ चित्रातही तलवारी भिंतीवरून उतरवलेल्या नाहीत, हे विसरता येत नाही.

शेजारची पाने आणि उलटे पान

टॅरोवाचक बहुधा एखाद्या पानाचा अर्थ त्याच्या रंगातील क्रमाने लावतात. वेट-स्मिथ संचात तीन तलवारींवर पावसाळी ढगांखालचे विद्ध हृदय आहे. पाच तलवारींवर विजेता शस्त्रे गोळा करीत आहे आणि पराभूत पाठ फिरवून जात आहेत. सहा तलवारींवर एक नावाडी स्त्री व मूल यांना नावेतून पलीकडे नेत आहे. दुःख आणि पुढचा कलह यांच्या मध्ये चौथे पान येते. म्हणून तेथील विश्रांती तात्पुरती समजली जाते.

पान उलटे आले असता वेट यांनी सुव्यवस्था, काटकसर, खबरदारी, कृपणता व मृत्युपत्र असे अर्थ दिले आहेत. हेही एतेइया यांच्याकडूनच आलेले आहेत. आधुनिक वाचक मात्र उलट्या पानाचा अर्थ विश्रांती नाकारणे, थकवा असूनही काम रेटणे, किंवा विश्रांती संपवून पुन्हा कामास लागणे असा करतात. यांतील पहिले दोन व शेवटचा अर्थ परस्परविरुद्ध सल्ला देतात. कोणता घ्यावयाचा हे वाचकाच्या विवेकावर सोडलेले असते, आणि टॅरोच्या मर्यादेची जाणीव येथेच होते.

वापर आणि मर्यादा

टॅरो पानांवरून भविष्य कळते, यास वैज्ञानिक आधार नाही. अनेक जण आज ही पाने भविष्यासाठी नव्हे, तर आत्मचिंतनाचे निमित्त म्हणून वापरतात. चार तलवारी हे पान त्यास विशेष सोयीचे आहे. मी थांबलो आहे की मला थांबवले गेले आहे, हा प्रश्न त्यातून सहज उभा राहतो. एकांत आणि विजनवास यांतील अंतर नेमके तेच आहे.

मात्र रुग्णाच्या बाबतीत हे पान दोन्ही बाजूंनी दिशाभूल करू शकते. थडगे पाहून घाबरण्याचे कारण नाही. मृत्यू या नावाचे पान टॅरोत स्वतंत्र आहे, तेराव्या क्रमांकाचे, आणि त्याचाही अर्थ परंपरेत शब्दशः घेतला जात नाही. त्याचप्रमाणे हे पान आले म्हणून आजार बरा होणार असे समजून औषधोपचार लांबणीवर टाकणेही धोक्याचे आहे. एकांत प्रत्येकास हितकर असतो असेही नाही. ज्याचे मन दीर्घकाळ खिन्न आहे, ज्याने माणसांत जाणेच सोडले आहे, अशास आणखी एकटे राहण्याचा सल्ला पानाच्या आधारे देणे अयोग्य होय. अशा व्यक्तीस प्रथम आप्तांची व डॉक्टरांची सोबत मिळणे आवश्यक असते.