पगार, भांडवल आणि हाताची चव

मोठ्या कंपनीतील नोकरी सोडून खाद्यपदार्थांचा लहानसा व्यवसाय आरंभणाऱ्या सुशिक्षितांच्या वार्ता वृत्तपत्रांतून वरचेवर वाचावयास मिळतात. अर्थशास्त्राचे अभ्यासक त्यांकडे आपल्या दृष्टीने पाहतातच. परंतु भाषेच्या अभ्यासकासही येथे लक्ष देण्याजोगे काही आहे. ते प्रस्तुत टिपणात मांडावयाचे आहे.

प्रथम शब्दांकडे वळू. ‘नोकर’ हा शब्द मराठीत फारसीतून आला आणि फारसीत तो मंगोल भाषेतून आला. मुळात त्याचा अर्थ ‘साथीदार’ असा होता. ‘पगार’ पोर्तुगीजांकडून आला. म्हणजे ज्या दोन शब्दांवर आपल्या मध्यमवर्गाची घडी बसली आहे, ते दोन्ही परके होत. ‘भांडवल’ मात्र घरचे आहे. संस्कृतातील ‘भाण्ड’ या शब्दाचे पात्र आणि विक्रीचा माल असे दोन्ही अर्थ होतात. ‘भांडे’ आणि ‘भांडवल’ हे त्याच कुळातील शब्द. स्वयंपाकघरातील वस्तू आणि व्यापारातील पुंजी यांचे नाते भाषेने असे फार पूर्वीच नोंदवून ठेवले आहे.

आता एक उदाहरण घेऊ. मुंबईचे मुनाफ कपाडिया हे गूगल कंपनीत नोकरीस होते. 2014 साली त्यांनी कुलाब्यातील आपल्या घरी अनोळखी पाहुण्यांना शुल्क घेऊन जेवू घालण्यास आरंभ केला आणि 2015 साली नोकरी सोडली. ‘द बोहरी किचन’ या नावाने हा उपक्रम प्रसिद्धीस आला. स्वयंपाक त्यांच्या मातोश्री नफीसा कपाडिया यांचा. दाऊदी बोहरा समाजात एका मोठ्या थाळाभोवती सात-आठ जण बसून एकत्र जेवतात. आरंभी चिमूटभर मीठ चाखावयाचे, आणि पुढे गोड व तिखटमिठाचे पदार्थ आलटून पालटून यावयाचे, अशी रीत आहे. गोडास ‘मिठास’ व दुसऱ्यास ‘खारास’ म्हणतात. (या समाजाची भाषा गुजराती वळणाची, अरबी-फारसी शब्दांनी युक्त आणि अरबी लिपीत लिहिली जाणारी आहे; तिचा स्वतंत्र विचार अन्यत्र करावा लागेल.)

घरच्या थाळाचे अर्थकारण सोपे होते. पाहुण्यांची संख्या आधी ठाऊक असे, शिधा तेवढाच आणावयाचा, जागेचे भाडे नाही. पुढे घरपोच सेवेसाठी वेगळी स्वयंपाकघरे उघडली, तेव्हा हे गणित उलटे झाले. अशा स्वयंपाकघरात पहिली मागणी येण्यापूर्वीच भाडे आणि आचाऱ्यांचे वेतन देणे लागते. पदार्थ नेऊन देणारी कंपनी आपले अडत कापून घेते. आणि न खपलेले अन्न दुसऱ्या दिवशी विकता येत नाही. कापडाचा ठोक दुकानात वर्षभर पडून राहू शकतो, खिम्याचा समोसा राहत नाही. कपाडियांना यांतील काही स्वयंपाकघरे बंद करावी लागली.

तथापि याहून बिकट अडचण मला भाषेत दिसते. मराठीत आपण ‘तिच्या हाताला चव आहे’ असे म्हणतो. चव येथे पदार्थाची नव्हे, पाककृतीचीही नव्हे, तर हाताची असते. घरोघरच्या पाककृतींत ‘चवीपुरते मीठ’, ‘मावेल तेवढे पीठ’ अशी मापे येतात. ती ढिलाईची द्योतक नसून अनुभवी हातासाठी पुरेशी नेमकी असतात. परंतु पाच ठिकाणी पाच आचारी नेमले की मिठाचे ग्रॅम आणि आचेची मिनिटे लिहून द्यावी लागतात, आणि फलकावर ‘घरगुती’ हा शब्द मात्र तसाच राहतो. कंपनीत घडलेला मनुष्य हिशेब, जाहिरात, नियोजन हे सारे बरोबर आणतो. पण ज्याच्या बळावर तो पगार सोडतो ते भांडवल पुष्कळदा आईच्या हातात असते. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या कपाडियांच्या इंग्रजी पुस्तकाचे नाव ‘हाऊ आय क्विट गूगल टू सेल समोसाज’ असे आहे. त्यातील कर्ता प्रथमपुरुषी एकवचनी आहे, हे व्याकरणाच्या विद्यार्थ्याच्या ध्यानात आल्यावाचून राहत नाही.

या संदर्भात त्याच मुंबईतील गिरणगावच्या खानावळवाल्या आठवतात. त्यांनी नोकरी सोडली नव्हती. बहुतेकींना सोडण्याजोगी नोकरीच नव्हती. गिरणीकामगारांना दोन वेळ जेवू घालून महिनाअखेरीस पैसे घ्यावयाचे, म्हणजे दुसऱ्याच्या पगारावर त्यांचा धंदा चाले. आणि तोवरचा किराणा उधारीने व व्याजाने आणावा लागे. हाताला चव होती, परंतु बँकेच्या लेखी ते तारण नव्हते. 1975 साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. या स्त्रियांना गटागटाने एकमेकींची हमी घेऊन राष्ट्रीयीकृत बँकांचे कर्ज मिळवून देणे, हे त्याचे आरंभीचे प्रमुख कार्य होते.