एनएफएसच्या माउंट-पर्यायांचे दस्तऐवजीकरण : खानदेशातील महाविद्यालयीन संगणक प्रयोगशाळेच्या संदर्भात

प्रस्तावना

उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या (२०१८ पासून कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ) कार्यक्षेत्रातील महाविद्यालयांत संगणक प्रयोगशाळा आता सर्वपरिचित आहेत. विद्यार्थी कोणत्याही संगणकासमोर बसला तरी त्याला स्वतःच्याच फाइली दिसाव्यात, यासाठी त्या एका मध्यवर्ती सर्व्हरवर ठेवून इतर संगणकांना जाळ्यातून जोडतात. या जोडणीस 'माउंट' म्हणतात. लिनक्स प्रयोगशाळांत त्यासाठी बहुधा 'नेटवर्क फाइल सिस्टीम' अर्थात एनएफएस वापरली जाते. सन मायक्रोसिस्टीम्स या कंपनीने ती १९८४ मध्ये विकसित केली. तिच्या तिसऱ्या आवृत्तीचे विनिर्देश १९९५ मध्ये, तर चौथ्या आवृत्तीचे २००० मध्ये प्रसिद्ध झाले. जोडणी कशी वागावी हे ठरविणारे शब्द म्हणजे माउंट-पर्याय. 'एफएसटॅब' नामक फाइलीतील एका ओळीत ते स्वल्पविराम देऊन लिहिले जातात. ही ओळ लिहिणारा शिक्षक वा साहाय्यक बदलून गेला की तिच्यामागील कारणेही त्याच्याबरोबर जातात. प्रस्तुत लेखाचा विषय हाच आहे.

एक अनुभव

लेखक विद्यार्थी असताना ज्या प्रयोगशाळेत काम करीत असे, तेथील संगणक व सर्व्हर यूपीएसवर होते. व्हरांड्यातील नेटवर्क-स्विच मात्र नव्हता. ते भारनियमनाचे दिवस होते. वीज गेली आणि जनित्र सुरू होईपर्यंत अर्धाएक मिनिट लोटले. तेवढ्यात एका विद्यार्थिनीने प्रकल्पाची फाइल साठविली. वीज आल्यावर पाहिले तर फाइलीचा अर्धाच भाग उरला होता. सादरीकरण दुसऱ्या दिवशी होते. तिने रात्रभर बसून तो भाग पुन्हा लिहिला. दोष यंत्राचा मानला गेला. पुढे ती ओळ पाहिली तेव्हा तीत 'सॉफ्ट' हा पर्याय व 'टाइमओ' पुढे ३० हा आकडा आढळला. लिहिणाऱ्याने तो ३० सेकंद समजून लिहिला असावा. वस्तुतः टाइमओचे एकक सेकंदाचा दहावा भाग असल्याने तो केवळ ३ सेकंद होता.

हार्ड आणि सॉफ्ट

या दोन पर्यायांतील भेद आपल्याकडील उदाहरणाने स्पष्ट होईल. जिनिंगच्या फाटकाशी कापसाची गाडी घेऊन आलेला एक शेतकरी, रांग कितीही लांबली तरी माल उतरल्याशिवाय परतत नाही. दुसरा दोनतीन हाका मारतो आणि उत्तर न आल्यास अर्धी गाडी उतरलेली असतानाच बैल माघारी वळवतो. पहिला 'हार्ड', दुसरा 'सॉफ्ट'. हार्ड जोडणीत सर्व्हर गप्प राहिला तर प्रोग्रॅम खोळंबतो, परंतु सर्व्हर परतताच काम जेथे थांबले तेथून पुढे जाते. सॉफ्ट जोडणीत 'रीट्रान्स' या पर्यायाने ठरविलेल्या फेरप्रयत्नांनंतर प्रोग्रॅमला त्रुटी कळविली जाते. प्रोग्रॅमने ती त्रुटी नीट हाताळली नाही, तर माहिती कोणतीही सूचना न मिळता बिघडू शकते. लिनक्सच्या मूळ मॅन्युअलमध्येच हा इशारा आहे. लिनक्समध्ये कोणताही पर्याय न लिहिल्यास हार्डच गृहीत धरले जाते, आणि टीसीपीवर टाइमओ ६००, म्हणजे ६० सेकंद असतो. अर्थात वरील प्रसंगी त्या ओळीत काहीच न लिहिणे अधिक सुरक्षित ठरले असते. संगणक गोठल्यासारखा दिसू नये म्हणून सॉफ्ट लिहिण्याचा मोह होतो, हे खरे. पण ज्या जोडणीवर विद्यार्थी लिहितात तेथे तो टाळावा असे लेखकाचे स्पष्ट मत आहे. केवळ वाचनासाठी जोडलेल्या संदर्भ-साहित्यास तो चालू शकेल.

काय नोंदवावे

प्रत्येक पर्यायाचा अर्थ पुन्हा लिहीत बसण्याचे कारण नाही. तो मॅन्युअलमध्ये आहेच. तेथे जे नसते ते नोंदवावे : हे मूल्य येथे का निवडले, त्याचे एकक कोणते, ते केव्हा व कोणी बदलले. जुन्या ओळी तशाच पुढे उतरविल्या जातात, हीही एक अडचण आहे. 'इंटर' हा पर्याय लिनक्स कर्नल २.६.२५ (२००८) नंतर दुर्लक्षित केला जातो, तरीही तो लिहिलेला आढळतो. नोंद असती तर तो केव्हाच गळाला असता.

लिहिलेले पर्याय आणि प्रत्यक्ष लागू असलेले पर्याय एकच असतील असेही नाही. 'आरसाइझ' व 'डब्ल्यूसाइझ', म्हणजे एका वेळी वाचावयाच्या वा लिहावयाच्या माहितीचे आकारमान, संगणक व सर्व्हर परस्परांत ठरवितात. लिनक्समध्ये त्याची कमाल मर्यादा १०,४८,५७६ बाइट आहे; परंतु सर्व्हरची मर्यादा कमी असेल तर तीच लागू होते. म्हणून 'एनएफएसस्टॅट' ही आज्ञा 'एम' या निर्देशासह चालवून मिळालेले उत्तर नोंदवहीत जोडावे. तसेच 'रूट स्क्वॅश' सारखे सर्व्हरकडील निर्यात-पर्याय वेगळ्या पानावर लिहावेत. ते संगणकाच्या ओळीत शोधण्यात आमचे दोन तास गेले आहेत.

आणखी एक गोष्ट केवळ अनुभवाने कळते. शिक्षकाने नुकतीच ठेवलेली फाइल काही संगणकांवर काही सेकंद दिसत नाही, कारण निर्देशिकेचे गुणधर्म संगणक स्वतःजवळ साठवून ठेवतो. 'एसीडीरमिन' चे गृहीत मूल्य ३० सेकंद आहे. ('टाइमओ' दशांश सेकंदांत आणि हे पूर्ण सेकंदांत, एकाच ओळीत दोन एकके!) त्यावर 'नोएसी' हा उपाय सुचविला जातो, पण त्याने सर्व्हरकडील फेऱ्या वाढून सर्वांचेच काम मंदावते. थोडा वेळ थांबा, असे फळ्यावर लिहिणे पुरेसे होते.

नोंदीची भाषा

एफएसटॅबमध्ये '#' चिन्हाने सुरू होणारी ओळ संगणक वाचत नाही. तेथे देवनागरीत लिहिता येते. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्पाने लिनक्सचे पाठ मराठीतही उपलब्ध करून दिले आहेत. तेव्हा नोंद इंग्रजीतच असावी हा आग्रह सोडावयास हरकत नसावी. रात्री वीज गेल्यावर ती ओळ प्रथम प्रयोगशाळा-परिचर पाहतो. सध्या आमच्या प्रयोगशाळेतील त्या ओळीच्या वर असे लिहिले आहे : 'हार्ड ठेवले आहे. पडदा गोठला तर संगणक बंद करू नये. आधी व्हरांड्यातील स्विच पाहावा.'