अ‍ॅडलेड रिव्हर येथील युद्धस्मृती

ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागात प्रवास करीत असता आम्ही अ‍ॅडलेड रिव्हर या लहानशा गावी थांबलो. डार्विनच्या दक्षिणेस सुमारे ११० किलोमीटरवर, हमरस्त्यालगतच्या या गावाची वस्ती अवघी काहीशे आहे. परंतु दुसऱ्या महायुद्धात येथे सैन्याची मोठी छावणी व इस्पितळ होते.

१९ फेब्रुवारी १९४२ रोजी जपानी विमानांनी डार्विनवर दोनदा हल्ला केला. पहिल्या हल्ल्यात १८८ विमाने होती. त्या दिवशी किमान २३५ माणसे मृत्युमुखी पडली. शहरातील बहुतेक स्त्रियांना व मुलांना आधीच दूर हलविले होते; पण तारा व टेलिफोन चालू राहावेत म्हणून टपाल कचेरीतील काही स्त्रिया मागे राहिल्या होत्या. हल्ला होताच तेथील मंडळी खंदकात शिरली आणि बाँब त्यावरच पडला. पोस्टमास्तर, त्यांची पत्नी व कन्या तिघेही गेली.

गावातील दफनभूमीत चारशेहून अधिक सैनिकांच्या कबरी आहेत. शेजारीच टपाल खात्याच्या या मंडळींचेही स्मारक आहे. ती सैनिक नव्हती, तरी त्यांची नावे जपली गेली, याचे आम्हांस समाधान वाटले.

वाचकहो, त्याच युद्धात आपल्या मॉरिशसमधूनही हजारो तरुण पायोनियर होऊन परदेशी गेले. आपल्या घरातील आजोबा, पणजोबा त्यांत असतील तर त्यांचे नाव, गाव व साल वडीलधाऱ्यांना विचारून आजच वहीत लिहून ठेवावे. सांगणारे आता थोडेच उरले आहेत.