तळपायावरचा काळा डाग वाढतोय? कुरूप समजून कापू नका! मेलानोमाच्या तपासणीला गेल्यावर दवाखान्यात नेमकं काय होतं, वाचा सविस्तर

काटा मोडला की बिब्बा घालायचा. कुरूप झालं की ब्लेडनं तासायचं. नख काळं पडलं की दगड लागला असेल म्हणून सोडून द्यायचं. शेतात राबणाऱ्या माणसाच्या पायाची दुखणी अशीच घरच्या घरी निभावतात आणि बहुतेक वेळा त्यात काही बिघडतही नाही. पण त्याच पायावर कधीतरी एखादा डाग असा येतो, जो कुरूपही नसतो आणि काट्याची जखमही नसते. तो मेलानोमा असू शकतो. मेलानोमा म्हणजे कातडीचा कॅन्सर. आपल्याकडं हा आजार कमी दिसतो, म्हणूनच तो लवकर ओळखू येत नाही. लवकर सापडला तर एका ऑपरेशनवर माणूस मोकळा होऊ शकतो. उशीर झाला तर तो अंगभर पसरतो.

हा आजार काय आहे, मोठ्या दवाखान्यात गेल्यावर काय काय करतात, खर्चाचं काय, याची माहिती आज घेऊ.

मेलानोमा म्हणजे काय?

आपल्या कातडीला रंग देणाऱ्या बारीक पेशी असतात. त्या बेसुमार वाढायला लागल्या की मेलानोमा होतो. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडसारख्या देशांत गोऱ्या कातडीच्या लोकांना उन्हामुळं हा आजार फार होतो. त्यामुळं तिकडं मेलानोमासाठी वेगळी क्लिनिक आहेत. आपल्या सावळ्या कातडीला उन्हापासून बरंच संरक्षण मिळतं. पण आपल्याकडं जो मेलानोमा होतो, तो बऱ्याचदा ऊन न लागणाऱ्या जागीच होतो. तळपाय, टाच, बोटांच्या बेचक्या, तळहात आणि नखाखाली. डॉक्टर त्याला 'ॲक्रल मेलानोमा' म्हणतात. जमैकाचा जगप्रसिद्ध गायक बॉब मार्ले याला पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली हाच आजार झाला होता. आधी ती फुटबॉल खेळताना झालेली जखम वाटली. १९८१ साली वयाच्या ३६ व्या वर्षी तो गेला.

हा आजार शिवल्यानं, एका ताटात जेवल्यानं किंवा एकाची चप्पल दुसऱ्यानं घातल्यानं पसरत नाही. घरात रुग्ण असेल तर त्याला बाजूला ठेवायची काही गरज नाही.

कोणत्या खुणा दिसल्या तर थांबायचं नाही?

- तळपायावर किंवा तळहातावर नवीन काळा-तपकिरी डाग आला आणि तो वाढतोय.
- डागाच्या कडा वेड्यावाकड्या आहेत, एकाच डागात दोन-तीन रंग दिसतात.
- डागातून रक्त येतं, पाणी येतं, किंवा तिथं गाठ उठली आहे.
- 'कुरूप' किंवा जखम औषधपाणी करूनही दोन महिन्यांत भरत नाही.
- एकाच नखात काळी उभी रेघ आली, ती रुंद होतेय, किंवा काळेपणा नखाच्या मुळाशी कातडीवर उतरलाय.
- जांघेत किंवा काखेत गाठ हाताला लागते.

एक गोष्ट लक्षात ठेवा. हा डाग सुरुवातीला दुखत नाही. 'दुखत नाही ना, मग कशाला दाखवायचं' हे आपलं नेहमीचं गणित इथं चुकतं. आणि मेलानोमा नेहमी काळाच असतो असंही नाही. काही वेळा तो लालसर, गुलाबी गाठीसारखा असतो.

नखाची एक सोपी खूण सांगतो. दगड लागून नखाखाली रक्त साकळलं असेल तर नख वाढेल तसा तो डाग पुढं सरकत जातो. काही आठवड्यांच्या अंतरानं मोबाईलवर फोटो काढून ठेवा. डाग पुढं सरकत नसेल, मुळापासूनच काळं नख येत असेल, तर डॉक्टरांना दाखवा.

उशीर होतो तो कुठं?

आमच्या तालुक्यातल्या एका शेतकऱ्याच्या टाचेवर करंगळीच्या नखाएवढा डाग होता. आधी कुरूप म्हणून कापलं, मग बिब्बा लावला, मग औषधाच्या दुकानातून कुरुपाची पट्टी आणली. शुगर असल्यामुळं एका डॉक्टरांनी ती शुगरची जखम समजून वर्षभर पट्टी केली. सोयाबीन काढून झालं की जाऊ, पोरीचं लग्न उरकलं की जाऊ, असं करत दीड वर्ष गेलं. जेव्हा तुकडा तपासायला गेला तेव्हा जांघेत गाठ आलेली होती. यात कुणी एक माणूस दोषी आहे असं नाही. प्रत्येकानं आपल्या माहितीप्रमाणं केलं. पण त्या दीड वर्षात एकदा जरी तुकडा तपासला असता तर चित्र वेगळं असू शकलं असतं.

म्हणून डाग कापू नका, जाळू नका, त्याच्यावर डाग देऊ नका, चुना-बिब्बा लावू नका. बिब्ब्यानं कातडी स्वतःच काळी पडते आणि डॉक्टरांना खरा डाग ओळखणं अवघड जातं.

कुठं जायचं आणि सोबत काय न्यायचं?

आधी ग्रामीण रुग्णालय, जिल्हा रुग्णालय किंवा जवळच्या कातडीच्या डॉक्टरकडं. त्यांना शंका आली तर ते चिठ्ठी देऊन कॅन्सरच्या दवाखान्यात पाठवतात. राज्यात मुंबईला परळचं टाटा मेमोरियल, बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल, छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय, नागपूरचं राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल अशी ठिकाणं आहेत. आपल्याकडं फक्त मेलानोमाचं क्लिनिक अशी पाटी सहसा दिसत नाही. कॅन्सरचे सर्जन, औषधोपचाराचे डॉक्टर, कातडीचे आणि पॅथॉलॉजीचे डॉक्टर मिळून हे काम करतात.

सोबत आधार कार्ड, रेशन कार्ड, आधीचे सगळे रिपोर्ट, चालू गोळ्यांची चिठ्ठी आणि डागाचे जुने फोटो असतील तर ते न्या. आधी कुठं तुकडा तपासला असेल तर नुसता रिपोर्ट पुरत नाही. त्या लॅबमधून काचपट्टी आणि मेणाचा ठोकळा मागून घ्या. मोठ्या दवाखान्यात ते पुन्हा तपासतात. ते नसलं की हेलपाटा पडतो.

एक जाणतं माणूस बरोबर असू द्या. डॉक्टर सांगतात ते सगळं रुग्णाच्या डोक्यात राहत नाही.

पहिल्या दिवशी काय होतं?

केसपेपर काढणं आणि नंबर यायची वाट बघणं, यातच बराच दिवस जातो. पहाटेच्या गाडीनं गेलात तरी संध्याकाळी परत येऊच असं धरू नका.

डॉक्टर आधी विचारतात. डाग कधीपासून, किती वाढला, रक्त आलं का, त्यावर काय काय लावलं, घरात कुणाला कॅन्सर होता का. काय लावलं ते लाजता सांगा, लपवू नका. मग ते फक्त डागच नाही तर सगळं अंग बघतात. पाठ, डोक्याची कातडी, बोटांच्या बेचक्या, सगळी नखं. जांघेत, काखेत, मानेला गाठी चाचपतात. पायाला मेंदी, आळता, नेलपॉलिश लावून जाऊ नका. बायामाणसांनी सोबत बाई आणावी किंवा नर्सला थांबायला सांगावं, तो आपला हक्क आहे.

त्यानंतर लाईट असलेलं एक भिंग डागावर टेकवून बघतात. त्याला डर्मोस्कोप म्हणतात. टोचत नाही, दुखत नाही. त्यात काय बघतात ते शेतकऱ्याला चटकन कळेल. आपल्या तळपायाची कातडी नांगरून सरी पाडलेल्या रानासारखी असते. तिच्यात सऱ्या आणि वरंबे असतात. साधा तीळ असेल तर काळा रंग बहुतेक सरीत दिसतो. मेलानोमा असेल तर रंग वरंब्यावर चढलेला दिसतो. एवढ्यावर पक्कं निदान होत नाही, पण तुकडा काढायचा की नाही हे ठरवायला मदत होते.

तुकडा तपासणी: सगळ्यात मोठी भीती

'सुई लावली, चाकू लावला की कॅन्सर पसरतो' हे गावोगाव ऐकायला मिळतं. हे खरं नाही. डॉक्टरांनी नीट केलेल्या तुकडा तपासणीनं म्हणजे बायोप्सीनं मेलानोमा पसरत नाही. उलट ती केल्याशिवाय आजार आहे की नाही हेच कळत नाही.

इंजेक्शन देऊन जागा बधिर करतात. डाग छोटा असेल तर थोडी चांगली कातडी धरून सगळाच काढतात. तळपायावर मोठा असेल तर त्यातला भाग घेतात. टाके पडतात, त्याच दिवशी बहुतेकांना घरी सोडतात. तळपायाला टाके असले की काही दिवस चिखलात, पाण्यात जाता येत नाही. दारं धरायला दुसरं माणूस बघून ठेवा. रिपोर्ट यायला साधारण एक-दोन आठवडे लागतात, कधी जास्त.

रिपोर्टमधला 'मिलिमीटर' बघा

मेलानोमाच्या रिपोर्टात सगळ्यात महत्त्वाचा आकडा म्हणजे जाडी. डाग किती रुंद यापेक्षा तो कातडीत किती खोल गेलाय, हे त्यावरून कळतं. त्याला 'ब्रेस्लो' जाडी म्हणतात. १ मिलिमीटर किंवा त्याहून कमी असेल तर तो पातळ मेलानोमा, बरं होण्याची शक्यता फार चांगली. ४ मिलिमीटरच्या पुढं गेला तर धोका बराच वाढतो. म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढ्या अंतरावर माणसाचं पुढचं आयुष्य ठरतं. डॉक्टरांना सरळ विचारा, "साहेब, जाडी किती आहे आणि वरची कातडी फुटलेली आहे का?"

पुढं उपचार काय?

पहिला उपचार ऑपरेशन. डागाच्या भोवतीची चांगली कातडीही काढावी लागते. जाडीप्रमाणं साधारण १ ते २ सेंटिमीटर. टाचेवर एवढी जागा शिवून जुळत नाही, म्हणून मांडीची कातडी लावतात किंवा शेजारची कातडी सरकवतात. भरून यायला आठवडे जातात. नखाखाली असेल तर कधी बोटाचा भाग काढावा लागतो. 'पाय तोडतील' या भीतीनं बरेच जण जातच नाहीत. पण लवकर आलेल्या रुग्णाचा सहसा पाय जात नाही.

जाडी साधारण १ मिलिमीटरच्या पुढं असेल तर जांघेतली पहिली गाठ तपासतात. डागाचं पाणी ज्या गाठीत आधी उतरतं, ती शोधून काढायची. त्यासाठी डागाजवळ निळा रंग किंवा अगदी थोडं किरणोत्सारी औषध टोचतात. निळा रंग दिला तर एखादा दिवस लघवी हिरवी-निळी होते, घाबरू नका. गरज असेल तर सीटी किंवा पेट स्कॅनही करतात.

आजार गाठीत किंवा पुढं गेला असेल तर औषधं लागतात. नेहमीची केमोथेरपी या कॅन्सरवर फारशी चालत नाही. आता इम्युनोथेरपीची इंजेक्शनं आली आहेत. ती अंगातल्या रोगप्रतिकारक पेशींना कॅन्सर ओळखायला मोकळं करतात. या शोधाबद्दल २०१८ साली जेम्स ॲलिसन आणि तासुकू होंजो यांना नोबेल मिळालं. काही रुग्णांना त्याचा चांगला फायदा होतो, सगळ्यांना होत नाही, आणि खर्च मोठा आहे. म्हणून शेत विकायच्या आधी डॉक्टरांना स्पष्ट विचारा. फायदा किती, किती महिने घ्यायचं, एकूण खर्च किती, दुसरा पर्याय काय? असं विचारल्यानं कुणाचा अपमान होत नाही.

बरं झाल्यावरही दर तीन-सहा महिन्यांनी दाखवायला जावं लागतं, निदान सुरुवातीची काही वर्षं. मधल्या काळात घरी महिन्यातून एकदा तळपाय आणि जांघ स्वतः तपासायची.

पैशाचं आणि राहण्याचं काय?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत मिळून पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत उपचार मिळतात. योजनेतल्या दवाखान्यात 'आरोग्यमित्र' बसतात, पोचल्यावर पैसे भरायच्या आधी त्यांना भेटा. टोल फ्री नंबर १५५३८८. महागडी इंजेक्शनं योजनेत बसतात का हे मात्र आधीच विचारून घ्या. कॅन्सर रुग्णाला रेल्वे आणि एसटीच्या तिकिटात सवलत आहे, त्यासाठी दवाखान्याचा दाखला लागतो. टाटाला जाणाऱ्यांसाठी दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. दवाखान्यातल्या समाजसेवा विभागात विचारलं तर राहण्याची आणि मदतीची माहिती मिळते.

आज रात्री एवढं करा

पाय धुतल्यावर मोबाईलची बॅटरी लावून घरातल्या सगळ्यांचे तळपाय बघा. म्हाताऱ्या माणसांना वाकून स्वतःचा तळवा बघता येत नाही, त्यांचा तर आवर्जून बघा. प्रत्येक काळा डाग कॅन्सर नसतो, बहुतेक डाग साधेच निघतात. पण वाढणारा, न भरणारा, रक्त येणारा डाग असेल तर त्याला सुगी संपायची वाट बघायला लावू नका.

(ही माहिती जनजागृतीसाठी आहे. उपचार डॉक्टरांच्या सल्ल्यानंच घ्या. बातमी उपयोगी वाटली तर आपल्या गावच्या ग्रुपवर जरूर पाठवा.)