नोकरी सोडली म्हणून पगार सुटत नाही

पश्चिम पट्ट्यात पावसाने जोर धरला की भातलावणीला माणसं कमी पडतात. आंबेगावात तळेघर-आहुप्याकडची आणि जुन्नरला आपटाळे-इंगळूनकडची, चाकण-रांजणगावच्या कंपन्यांत लागलेली पोरं ‘आठ दिवसांत येतो’ म्हणून घरी येतात आणि लावणी उरकेपर्यंत महिना जातो. कुणाच्या घरी आजारपण निघतं, कुणाचं सुपरवायझरशी वाजतं. कुणाला बारा तासांची पाळी सोसवत नाही. तो पिशवी भरतो आणि सरळ नारायणगावची एसटी धरतो. राजीनामा नाही, नोटीस नाही. पुढच्या महिन्यात राहिलेल्या पगारासाठी फोन केला की ठेकेदाराचं उत्तर ठरलेलं असतं, ‘‘न सांगता गेलास ना? मग कसला पगार?’’

वाईट याचं वाटतं की ऐकणाऱ्यालाही हे उत्तर पटतं. आपण सांगून आलो नाही, चूक आपली, असं म्हणून तो गप्प बसतो. अठरा-वीस दिवसांची मजुरी, साठलेल्या रजांचे पैसे, ओव्हरटाइम, सगळं तिथंच राहतं. कारखान्यात हे होतं तसंच आळेफाट्याच्या हॉटेलात आणि मंचरच्या दुकानातही होतं.

डेअरीला दहा दिवस दूध घातलं आणि अकराव्या दिवशी बंद केलं, तर त्या दहा दिवसांचं बिल बुडत नाही. केलेल्या कामाचंही तसंच आहे. कायद्यानेही ते नि:संदिग्ध शब्दांत मान्य केलेलं आहे.

1936 च्या वेतन प्रदान कायद्यात मालकाने काढून टाकलेल्या माणसाचा पगार दोन कामाच्या दिवसांत चुकता करण्याची सक्ती होती, पण स्वतःहून सोडणाऱ्याचा त्यात उल्लेख नव्हता. शिवाय दरमहा 24,000 रुपयांवर पगार गेला की तो कायदाच लागू होत नसे. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहितेने या दोन्ही गोष्टी बदलल्या. पगाराची मर्यादा गेली आणि राजीनामा देणाऱ्यालाही दोन कामाच्या दिवसांत हिशेब देणं मालकावर बंधनकारक झालं. महिना संपेल तेव्हा बघू, हेड ऑफिसमधून मंजुरी येऊ दे, या सबबींना आता आधार नाही.

मात्र मुदत राजीनाम्यापासून मोजली जाते. जो नुसताच निघून आला, त्याला कंपनी ‘गैरहजर’ म्हणून कागदावर लोंबकळत ठेवते. म्हणून घरी पोहोचल्यावर का होईना, दोन ओळी लिहून पाठवाव्यात : अमुक तारखेपासून मी काम सोडलं आहे, माझा हिशेब या खात्यात जमा करावा. व्हॉट्सॲपवर पाठवा आणि स्पीड पोस्टानेही पाठवा. पोस्टाची पावती जपून ठेवा. तारीख नक्की करणारा तो कागद आहे.

मग नोटीस न दिल्याचं काय? नेमणूकपत्रात महिन्याच्या नोटिशीची अट असेल तर मालक ती पुढे करणारच, आणि तो वाद त्याला मांडता येतो. पण पगारातून काय काय कापता येतं याची यादी कायद्यात दिलेली आहे. गैरहजेरीचे पैसे गैरहजर दिवसांपुरतेच कापायचे असतात, आणि सगळ्या वजावटी मिळून पगाराच्या निम्म्यावर जाता येत नाही. अख्खा पगार गिळायची मुभा त्या यादीत कुठेच नाही. एक गोष्ट मात्र लावणीला एकदम निघणाऱ्या वाडीतल्या पोरांनी लक्षात ठेवावी. दहा किंवा त्याहून जास्त जण ठरवून, नोटीस न देता आणि सबळ कारण नसताना कामावर आले नाहीत, तर करारात तशी अट असल्यास मालकाला आठ दिवसांपर्यंतचा पगार कापता येतो. एकत्र निघायचं असेल तर आधी लेखी कळवून निघा.

रजेच्या पैशांबद्दल तर लोकांना काहीच माहीत नसतं. कारखान्यांच्या 1948 च्या कायद्यात वर्षाला 240 दिवस भरले की दर वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस पगारी रजा मिळे. 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने, जी त्याच 21 नोव्हेंबरपासून लागू झाली, ती अट 180 दिवसांवर आणली. पण वर्षाच्या मधेच नोकरी सोडणाऱ्याला तेवढे दिवस भरलेले असण्याचीही गरज नाही. जुन्या कायद्यातही नव्हती. समजा, एक जण जानेवारीत चाकणला लागला आणि जुलैत लावणीला आला. भरलेले दिवस 150. वीसला एक याप्रमाणे साडेसात होतात. अर्धा दिवस पूर्ण धरतात, म्हणजे आठ. त्याने दोन रजा घेतल्या असतील तर सहा उरल्या. रोज 600 रुपये असेल तर 3,600 रुपये फक्त रजेचे झाले. राहिलेला पगार वेगळा, ओव्हरटाइम वेगळा. हेही पैसे दोन कामाच्या दिवसांतच द्यायचे आहेत.

2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे विदर्भ कोकण ग्रामीण बँकेच्या दोन कर्मचाऱ्यांचा असाच दावा आला होता. दोघांनी दीर्घ सेवेनंतर राजीनामे दिले होते आणि बँक साठलेल्या रजांचे पैसे देत नव्हती. रजेचे पैसे पगारासारखेच आहेत, पगार ही माणसाची मालमत्ता आहे आणि कायद्याचा आधार असल्याशिवाय ती हिरावून घेता येत नाही, असं न्यायालयाने म्हटलं आणि व्याजासह पैसे द्यायला लावले. बँकेच्या अधिकाऱ्याला लागू होणारं हे तत्त्व पॅकिंग लाइनवरच्या पोराला का लागू होऊ नये?

दावा अडतो तो पुराव्यापाशी. ‘हा आमच्याकडे नव्हताच’ हे ठेकेदाराचं आवडतं वाक्य. म्हणून काम चालू असतानाच कागद जमवावेत : गेटपासचा फोटो, ईएसआयचं कार्ड, पीएफचं पासबुक, बँकेत पगार जमा झाल्याची नोंद, पाळी ठरवणारे मेसेज. खिशातल्या डायरीत रोज तारीख, आत गेल्याची आणि बाहेर पडल्याची वेळ लिहिली तर तीही उपयोगी पडते. कामावर होतो एवढं दिसलं की पुढचं ओझं मालकाचं. पैसे दिले आहेत हे त्याने सिद्ध करायचं, मिळाले नाहीत हे कामगाराने नाही. वेतन संहितेतली ही तरतूद मला सगळ्यात मोलाची वाटते.

ठेकेदार फोन उचलत नसेल तर ज्या कंपनीत प्रत्यक्ष काम केलं तिच्याकडे मागणी करावी. ठेकेदाराने बुडवलेलं वेतन देण्याची जबाबदारी मूळ आस्थापनेवर येते.

तरीही पैसे आले नाहीत तर पुण्याला जावं लागतं. अपर कामगार आयुक्तांचं कार्यालय शिवाजीनगरला आहे; आपल्याकडच्या एसट्या वाकडेवाडीला थांबतात, तिथून ते लांब नाही. नारायणगावहून जाऊन-येऊन दीडशे किलोमीटर पडतात आणि दिवसाचा रोज बुडतो. अनेक जण इथंच हात टेकतात, आणि पैसे बुडवणाऱ्याला ते पक्कं ठाऊक असतं. तक्रार तिथे द्यावी आणि दावा कोणत्या अधिकाऱ्यापुढे लावायचा तेही तिथेच विचारावं. एकट्याने जाण्यापेक्षा एकाच ठेकेदाराकडचे चार-पाच जण मिळून जावेत. कामगार संघटनेलाही तुमच्या वतीने अर्ज करता येतो. दावा करायला आता तीन वर्षांची मुदत आहे. नोव्हेंबर 2025 पूर्वीच्या थकबाकीला मात्र जुनी बारा महिन्यांची मुदत धरून चालणं शहाणपणाचं. अधिकारी मूळ रकमेच्या दहापटीपर्यंत भरपाई लावू शकतो. मालकाने तीही दिली नाही तर जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होते. सारा थकल्यावर काय होतं, हे इथल्या शेतकऱ्याला सांगायला नको.

वकिलाच्या खर्चाला भिऊ नये. जुन्नर आणि घोडेगावच्या न्यायालयांत तालुका विधी सेवा समित्या आहेत. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

उचल घेऊन आलेल्यांची गोष्ट अवघड आहे. विघ्नहर आणि भीमाशंकर कारखान्यांच्या हंगामात ऊसतोडीला येणारी कोयती, नारायणगावला ठरणारे तमाशाचे कलावंत, यांचा हिशेबच आगाऊ पैशांपासून सुरू होतो. उचल फिटायची राहिली असेल तर ती मजुरीतून वळती होऊ शकते. पण त्यापोटी माणसाला कोपीवर अडकवून ठेवणं, बायको-पोरांना किंवा बैलांना अडवून धरणं ही वेठबिगारी आहे आणि 1976 पासून तो गुन्हा आहे. त्याची तक्रार पोलिसांत आणि मंचरच्या प्रांत कार्यालयात करावी.

शेवटी पैसे द्यायला बोलावतात तेव्हा समोर एक कागद ठेवला जातो, ‘माझं काहीही येणं नाही’ असा. रक्कम कमी असेल तर त्यावर तशीच सही करू नये. मिळालेला आकडा अक्षरी लिहावा, त्याखाली ‘उरलेल्या रकमेचा हक्क राखून स्वीकारली’ असं आपल्या हाताने लिहावं, तारीख घालावी, मग सही करावी आणि निघण्यापूर्वी त्या कागदाचा फोटो काढून घ्यावा.