डबा काढा, कणगी सांभाळा

वेल्ह्यात पावसाळ्यात वीज गेली की वायफाय बंद पडतो. पण जुन्या लॅपटॉपवर थाटलेला घरगुती सर्व्हर बॅटरीवर तग धरतो. त्यावरच्या फोटो, गाणी, हिशेब अशा सेवा ‘कंटेनर’मध्ये चालवता येतात. २०१३मध्ये आलेलं डॉकर हे सॉफ्टवेअर त्यासाठी लोकप्रिय आहे.

इथल्या भातशेतकऱ्याला समजेल असं सांगायचं तर इमेज, म्हणजे सेवेचा साचा, हे बियाणं; त्यातून चालू झालेला कंटेनर हे उभं पीक आणि व्हॉल्यूम, म्हणजे डेटा साठवायची जागा, ही कणगी. पीक कापलं तरी बियाणं आणि कणगीतला तांदूळ राहतो.

‘डॉकर स्टॉप’ म्हटलं की सेवेला आवराआवरीसाठी साधारण १० सेकंद मिळतात. मग ती सक्तीने बंद होते. ‘डॉकर आरएम’ने कंटेनर जातो, त्याच्या आतच लिहिलेलंही जातं. इमेज आणि नाव दिलेला व्हॉल्यूम मात्र डिस्कवर राहतात, म्हणून सेवा काढूनही म्हणावी तशी जागा सुटत नाही. कोण किती जागा अडवतंय, हे ‘डॉकर सिस्टिम डीएफ’ दाखवतं.

सांभाळायचं ते एकत्र मांडलेल्या सेवा एकदम काढणाऱ्या ‘कंपोज डाउन’ला ‘-व्ही’ हा पर्याय जोडताना: त्याने कणगीही रिकामी होते. आधी बॅकअप घ्या, तो उघडून पाहा, मगच खळं झाडा.